उसनी पाखरं

चष्मेवाल्याचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला काउंटरमागे शिरावं लागे. दुपारी कुणी नसलं की काचा घासायच्या मशीनशेजारी लॅपटॉप उघडून तो प्रोग्रॅम लिहीत बसे. बायको म्हणायची, "अहो, लोकांचे नंबर काढता काढता स्वतःचा वाढवून घ्याल!"

पण हा नुसता नाद नव्हता. अर्धांगवायूने आईचा उजवा हात लुळा पडला होता. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू तिने रागाने पलंगाखाली ढकलला होता. पूर्वी तिला कॉम्प्युटरवरचा एक खेळ फार आवडायचा. तारेवर पाखरं येऊन बसत, सारख्या रंगाची शेजारी आणली की भुर्रकन उडत. तो नव्या कॉम्प्युटरवर चालेना, आणि काढणारी कंपनी केव्हाच बुडालेली. मग त्याने खेळ चालवणारा प्रोग्रॅम पहिल्यापासून स्वतः लिहिला. थरथरत्या बोटालाही सापडतील अशी मोठी बटणं केली. चित्रं तेवढी जुन्या सीडीवरची जशीच्या तशी घातली.

पाखरांच्या मागे लागून आईची बोटं हलायला लागली!

आनंदाच्या भरात त्याने सगळंच इंटरनेटवर ठेवून दिलं. वर मुक्त परवाना जोडला: घ्या, बदला, वाटा, विकासुद्धा. कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांतले पेशंट तो खेळ खेळू लागले.

एके दुपारी फोन आला. तो चष्म्याचा स्क्रू पिळत होता, म्हणून स्पीकरवर घेतला.

"तुमच्या खेळातली पाखरं मी काढलीत," वयस्क बाईंचा आवाज होता. "कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी चित्रांचे हक्क मला मिळाले. आता एकजण ती कपांवर छापून विकतोय. विचारलं तर म्हणतो, चष्मेवाल्याने परवाना दिलाय!"

त्याने चष्मा खाली ठेवला. "मी माझा प्रोग्रॅम दिला होता हो..."

"आणि माझी पाखरं त्याच्या पोटात होती."

डबा घेऊन आलेली बायको मध्येच म्हणाली, "आपण केलेलं जेवण वाटा ना हवं तेवढं. शेजारणीचं पातेलं कशाला देऊन टाकलंत?"

पलीकडे बाई खळखळून हसल्या. "यांना कळलं बघा!"

"आजच सगळं काढून टाकतो," तो कसाबसा म्हणाला. डोळ्यांपुढे आईची बोटं आली, आणि तिच्यासारखी न पाहिलेली कितीतरी.

"सगळं कशाला? प्रोग्रॅम तुमचा, तो राहू दे मोकळा. चित्रं बाहेर काढा. ज्याच्याकडे जुनी सीडी असेल, त्याच्या खेळात पाखरं तिच्यावरून येतील. फुकट मी देणार नाही, माझं पोट आहे त्यावर. पण खेळ तुम्ही जगवलात, म्हणून वकिलाकडे न जाता तुम्हालाच फोन केला."

फोन ठेवल्यावरही तो हात जोडून उभाच होता.

त्याने चित्रं काढून घेतली. कपवाल्याला कळवलं, जे माझं नव्हतं ते मी देऊन बसलो, चूक माझी. कपवाल्याने कुरकुर करत छपाई थांबवली. पण सीडी नसलेल्या पेशंटांना आता रिकामी तारच दिसणार होती. आईला हे कळलं, तेव्हा ती म्हणाली, "पेन्सिल दे."

उजव्या हातानेच काढलं तिने. सून बघून म्हणाली, "आई, बटाट्याला चोच फुटलीय!"

"फुटू दे. तू रंग भर."

हळूहळू थवा जमला. चष्मेवाला कागद उचलून स्कॅन करायला निघाला आणि दारातच थबकला.

"आई, ही सगळ्यांना देऊ? लोक बदलतील, वाटतील, विकतीलही."

आईने सुनेकडे पाहिलं. रंग तिचे होते. सूनबाईने मान डोलावली.

"दे की. पण खाली आमची दोघींची नावं घाल. आणि आधी त्या बाईंना दाखव."

त्याने चित्रं पाठवली. थोड्या वेळाने फोन वाजला. "छान आहेत हो! फक्त शेपट्या लांब करा म्हणावं, उडताना तोल जाईल बिचाऱ्यांचा."

आईने पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "टोक करून दे रे."