डब्यातली खिरापत

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या महाल भागातल्या गल्लीत संध्याकाळी कुठल्याही बापाला घरात शांत बसायची सोय नसे. पोरींचा घोळका भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी फिरे. गाणी संपली की त्या घरची आई झाकलेला डबा वाजवायची आणि आत कोणती खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं. झटकन ओळखली तर त्या घराची फजिती. पोरी हरल्या तर त्या घरच्या मुलीची मान वर्षभर ताठ.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई चार महिन्यांपासून क्षयाच्या दवाखान्यात, आणि लहान मुलांना तिथे आत सोडत नसत. आमची पाळी होती त्या दिवशी सावनेरची बहीण येऊन खिरापत करणार होती. दुपारी तिचा निरोप आला, घरी पाहुणे आलेत, जमत नाही. झाली का पंचाईत! मग मीच शिरा करायला घेतला. कचेरीत मी भल्याभल्यांच्या चुका काढायचो, पण रव्यानं माझं काही ऐकलं नाही. करपलेली कढई मोरीत ठेवली आणि भडभुंज्याकडून फुटाणे आणले.

फुटाणे डब्यात मोकळे टाकायचे नसतात, फडक्यात बांधून ठेवायचे, ही अक्कल मला कुठून असणार? गाणी झाली, मी पितळी डबा हलवला आणि तो असा खडखडला की बहिऱ्यालाही कळावं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीनं बर्फी म्हटलं, दुसरीनं करंज्या, तिसरीनं चक्क साबुदाण्याची खिचडी. मला आधी त्यांच्या अकलेची कीव आली. खिचडी कधी वाजते का? तेवढ्यात एक चिमुरडी "फु" म्हणाली आणि घोळक्यातल्या सगळ्यात मोठ्या पोरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरी मुद्दाम हरत होत्या. मला रडू येत होतं आणि डबा वाजवत राहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी हार मानली. मी मूठमूठ फुटाणे वाटले, पोरींनी ते पेढे असल्यासारखे फ्रॉकच्या घेरात घेतले आणि पुढच्या घरी गेल्या. माझी मुलगी मागे राहिली.

"बाबा, रविवारी आईले सांगजा," ती म्हणाली, "कोनालेच ओळखू आलं नाही म्हनून."

तिला खरं कळलं होतं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी मी दवाखान्यात तसंच सांगितलं. बायकोचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी ती आपणहून उठून बसली आणि तिनं विचारलं, डब्यात ठेवलं काय होतं? हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. थाप मारायला गेलो तर ऐन वेळी एकाही पदार्थाचं नाव आठवेना. फुटाणे, म्हणालो.

ती हसली नाही. तिनं मूठ कानाशी धरून डबा वाजवल्यासारखी हलवली.

"गुणाच्या पोरी हायेत," ती म्हणाली. "माह्या पोरीले सांभाळून घेतीन."