पहिल्या भागातला बाप

दुकान बंद केलं की फळ्या विकता येतात, काउंटर विकता येतो, जुना टीव्हीसुद्धा कुणीतरी नेतं. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते तिथंच पडून राहतात आणि एक काढायला गेलं की त्याला धरून दुसरा बाहेर येतो. जळकोटला हायवेच्या कडेला आमचं डीव्हीडी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. आता त्याच जागेत आम्ही मोबाईलचे कव्हर आणि चार्जर विकतो. तरी जुनं गिऱ्हाईक आलं, जरा टेकलं, की म्हणतंच, "वैनी, ते नाचाच्या सिनेमाचं सांगा की!"

सांगते. हसू येईल. पण सगळंच हसण्यासारखं नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

*

सिनेमा परदेशातला होता, हिंदीत बोलणारा. शाळेतली पोरंपोरी, आणि दर दहा मिनिटांनी सगळे उठून गाणं म्हणणार. गावात थिएटर नाही, त्यामुळं असला सिनेमा आमच्याकडं यायचा तो डीव्हीडी निघाल्यावरच. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सोलापूरहून दोन्ही भाग आणले. दुसरा भाग नवाकोरा, चकचकीत खोक्यातला. पहिला जुना, साध्या डबीतला.

पहिला भाग सगळ्यात आधी भीमामामा घेऊन गेले. चार एकरांचे शेतकरी, सिनेमाचे शौकीन. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आले.

"कसा वाटला, मामा?"

"गाणं एकबी न्हाय," मामा म्हणाले. "पर नांगर झकास हाय! कुठं मिळंल हो?"

आम्ही ती डीव्हीडी लावून बघितली. डबीवर नाचणाऱ्या पोरी, आणि आत ट्रॅक्टरच्या नांगराचं प्रात्यक्षिक! पाऊण तास नुसती नांगरट. मामांनी ती शेवटपर्यंत बघितली होती.

मालक सोलापूरला परत गेले, तर ठोक दुकानदार म्हणाला, "पहिला भाग आता येत नाही. दुसराच चालतोय, तोच चालवा."

*

आता खरी पंचाईत झाली. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'भाग दोन' लिहिलेलं. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, उलटून बघायचं आणि ठेवून द्यायचं. "मागचं कळल्याबिगर पुढचं कसं बघायचं, वैनी?"

त्यांचंही बरोबरच होतं. मग मी एक केलं. भाग दोनच्या सुरुवातीला मागच्या भागातली चार-सहा चित्रं भराभर दाखवत होते. एक मुलगी बॅग घेऊन दारात उभी आहे. एक माणूस पाठमोरा बसला आहे. मग स्टेज, दिवे, टाळ्या. एवढ्यावरून मी पहिला भाग तयार केला. मुलीला गाणं शिकायला मोठ्या शहरात जायचंय. पाठमोरा बसलेला तिचा बाप. बाप नको म्हणतो. मी तो भाग बघितलेला नाही, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

पहिल्यांदा सांगितलं ते एका रिटायर गुरुजींना. गुरुजी स्टुलावर बसून मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला धन्य वाटलं. खोकं पुढं केलं.

"राहू द्या आता," गुरुजी उठत म्हणाले. "इतकं चांगलं झाल्यावर पुढं कशाला बघायचं?"

*

रोज सांगायचं म्हणजे रोज सारखं कुठं होतं? कधी मन बरं नसलं की माझ्याकडून बाप मरायचा. कधी जगायचा. एकदा पिठाच्या गिरणीत दोघीजणींची जुंपली.

"अगं बाप मेला म्हनून तर ती गाती ना!"

"मेला कशानं? आमच्यात जिता हाय! टाळ्या वाजीवतो की शेवटी!"

दोघी पिठाचे हात घेऊन दुकानात आल्या. मी घाबरून म्हणाले, "दोन तऱ्हेच्या डीव्हीड्या निघाल्यात."

त्या गेल्यावर मालक म्हणाले, "बापाचं एकदा काय ते ठरवून टाक."

*

मागच्या गल्लीतल्या सरूआक्कांचा किस्सा तर मी अजून विसरत नाही. त्यांचे सासरे वारले होते. घरात सुतक. पाचव्या दिवशी त्या पदर डोक्यावर घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुनांचं मन रमंना. कायतरी द्या. आवाज बंद करून बघतो, तेवढं चालतंय."

गाण्यांचा सिनेमा, आणि आवाज बंद करून! पण मी दिला. परत करायला आल्या तेव्हा आक्कांचे डोळे सुजलेले.

"लई दुःखाचा सिनेमा हाय गं बाई! सगळी पोरं हात वर करून, तोंड फाडून नुसती रडत्यात. आमीबी रडलो. बरं झालं, मामंजींसाठी नीट रडायलाच झालं न्हवतं." मग खोकं काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "पर मयत कुणाचं झालतं, ते काय शेवटपतोर कळलं न्हाय."

*

आता अश्विनीचं सांगते.

अश्विनी बारावीला होती. घर जवळच, शेतीवाडी बरी. वडलांना सगळे तात्या म्हणत. कमी बोलणारे, कुणाच्या अध्यात नाहीत. भाग दोनच्या डीव्हीडीत सिनेमा संपल्यावर नाच शिकवायचा वेगळा भाग होता, एकेक स्टेप करून दाखवणारा. ज्युनिअर कॉलेजच्या गॅदरिंगसाठी अश्विनीनं आणि आणखी पाच जणींनी त्यावरून नाच बसवला. पंधरा दिवस आमची डीव्हीडी तिच्याच घरी होती.

गॅदरिंगला मीही गेले. नाच मस्त चालला होता. आणि मध्येच सहाही पोरी हात वर करून गप्प उभ्या राहिल्या. मग मानेला झटका. पुन्हा हात वर. पुन्हा झटका. असं चार वेळा! मग पुढचा नाच सुरू. लोकांनी तिथंच सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

मला मात्र त्याचं कारण लगेच कळलं. आमच्या डीव्हीडीवर त्या जागी ओरखडा होता. तिथं ती चार वेळा अडकायची. पोरींनी अडकणंसुद्धा जसंच्या तसं बसवलं होतं!

मी हसत मागं वळले, तर तिसऱ्या रांगेत तात्या बसलेले. पोरगी सगळ्यात पुढं नाचत होती. त्यांनी टाळी वाजवली नाही. गाणं संपायच्या आधी उठून गेले.

*

पुढच्या आठवड्यात दुपारी दुकानात कुणी नसताना अश्विनी आली. डीव्हीडी काउंटरवर ठेवली, पण हात काही काढला नाही.

"काकू, पहिल्या भागात ती घरातनं निघाली कशी?"

"का गं?"

"मला सोलापूरला नर्सिंगला जायचंय. तात्या ऐकणार न्हाईत. दुसऱ्या भागात तर ती आधीच शहरात असती. निघाली कशी, ते सांगतच न्हाईत."

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दिवशी माझ्यानं बाप मारवला नाही. मी म्हणाले, "ती पळून नाही गेली. बापासमोर उभी राहिली."

"आणि काय म्हनली? तिचे शब्द सांगा."

"म्हणाली, मी परत येणार आहे, पण शिकून येणार आहे."

"मग?"

"बाप दोन दिवस बोलला नाही. ती घाबरली, पण रडली नाही, भांडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बापानंच तिची बॅग उचलली आणि स्टँडवर नेऊन सोडली."

अश्विनीनं तोंडातल्या तोंडात ते शब्द दोनदा म्हटले. धडा पाठ करावा तसे. आणि केवढी हसली! मला वाटलं, चला, पोरीला धीर तरी आला. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी तिच्या हातात चॉकलेट दिलं आणि डीव्हीडी आणखी थोडे दिवस ठेव म्हणाले.

*

आठ-दहा दिवसांनी तिची आई आली. डीव्हीडी तिच्या पदराखाली होती.

"हे घ्या तुमचं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "पोरगी बापापुढं हुबी ऱ्हायली. शिकून येनार म्हनली. तात्या दोन दिस बोलले न्हाईत. मी घाबरले, तर हीच मला म्हनती, 'आई, दोनच दिस थांब. तिसऱ्या दिवशी बघ तू.'"

"मग?"

"तिसऱ्या दिवशी वाशीच्या पाहुन्याला सोयरिकीचा फोन केला त्यांनी."

आईनं जाता जाता विचारलं, "वैनी, खरंच असं हाय का ओ सिनेमात?"

मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मलाच कळलं नाही. आई पायऱ्या उतरून गेली.

*

लग्नाला गेले मी. जावंसं वाटत नव्हतं, पण शेजार सोडता येत नाही. मुलगा आपल्याकडच्याच वाशीचा, घरची शेती, वागायला साधा. अश्विनी शालू नेसून मान खाली घालून बसली होती. मी अक्षता टाकल्या आणि लांबच थांबले.

निघायची वेळ झाली. आई रडत होती, मावश्या रडत होत्या. तिची बॅग ओट्यावर होती. दोघं-तिघं न्यायला पुढं झाले, तर तात्या म्हणाले, "सरका." आणि ती बॅग त्यांनी स्वतः उचलली. जीपपर्यंत नेली, आत ठेवली.

तेव्हा अश्विनीनं मान वर केली. एवढ्या गर्दीतून तिनं बरोबर माझ्याकडं बघितलं.

त्या दिवसापासून मी पहिला भाग सांगायचं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी बघितलेला नाही." खरं बोलायला तेवढा उशीर झाला.

*

पुढं मोबाईल आले आणि आमचं दुकान बसलं. पोत्यांनी डीव्हीड्या पडून होत्या. मग लोक त्या न्यायला लागले, ज्वारीत पाखरं हाकायला! दोरीला बांधून रानात टांगायच्या, उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात. एकदा भीमामामा ओंजळभर डीव्हीड्या परत घेऊन आले.

"काय झालं, मामा?"

"ह्या भजनाच्या निघाल्या. पाखरं भीत न्हाईत, वर बसत्यात. मारामारीच्या द्या!"

मालक इतके हसले, इतके हसले. मग मी त्यांच्याकडं बघितलं तर ते रिकाम्या फळ्यांकडं बघत होते आणि हसू थांबलेलं होतं.

भाग दोन मात्र मी कुणाला दिला नाही. ओरखड्यासकट माझ्या कपाटात आहे.

*

आणि आता हा शेवटचा. यंदा दहावीचा निकाल लागला त्यानंतरचा.

दुपारी एक मोटारसायकल दुकानासमोर थांबली. मागून एक बाई उतरली, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "काकू, वळखलं का?"

अश्विनी! थोडी सुटली होती, केसांत एखाद-दुसरा पांढरा. मी खुर्च्या पुढं ओढल्या. बाहेर तिचा नवरा गाडीवरच बसून होता.

"अहो जावईबापू, आत या की! चहा टाकते."

"नको, काकू. हाय हितंच," ते म्हणाले. दार उघडंच होतं. हातभर अंतर.

"ही श्रावणी," अश्विनी म्हणाली. "चांगले मार्क पडलेत. लातूरला जायचं म्हणती, होस्टेलला राहून शिकायला." मग आवाज खाली करून म्हणाली, "परवा ह्यांच्यापुढं हुबी राहून सांगितलं तिनं."

"मग? काय म्हणाले?"

"बोलंनात. आज दुसरा दिवस हाय."

श्रावणी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. मी काहीतरी करायचं म्हणून चार्जर नीट लावू लागले, तर अश्विनी म्हणाली, "काकू, तो सिनेमा मोबाईलवर सापडला आम्हाला. पहिला भाग. मायलेकींनी मिळून बघितला."

मी हातातला चार्जर काउंटरवर ठेवला.

"त्यात बापच न्हाय, काकू. मावशीकडं ऱ्हाती ती. तो पाठमोरा माणूस तिचा गाण्याचा मास्तर हाय."

सतरा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं, ते आता तोंडाशी आलं. "अश्विनी, अगं, मी तेव्हा..."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिनं लेकीला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. मग ते स्टूल, लेक बसलेली असतानाच, दाराच्या दिशेनं थोडं सरकवलं.

"हिला तुमचा सांगा. बाप बॅग उचलून स्टँडवर नेतो, तो."

बाहेर जावई गाडीच्या आरशावरची धूळ पुसत होते.

"आणि काकू," अश्विनी म्हणाली, "जरा मोठ्यानं सांगा."