सुमनवन्संची पोकळी

माझ्या लग्नातली गोष्ट. पहिली पंगत बसली होती. आचारी वाढप्यांना पानं किती ते सांगत होता, तेवढ्यात एक उंच, चष्मा लावलेली, रेशमी साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली बाई त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "खांबामागचे धरलेत का?" आचारी म्हणाला, धरलेत की बाई. बाईंना पटेना. त्या स्वतः हॉलच्या एकेका खांबामागे डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "नाही धरलेत." मी मुंडावळ्यांतून हे सगळं बघत होते. शेजारच्या मावशीला हळूच विचारलं, "कोण गं ह्या?"

"तुझी नणंद," मावशी म्हणाली. "सांभाळून राहा बाई."

सांभाळून राहायची वेळ कधी आली नाही. मी सांगलीची. सासरची माणसं मात्र दोन पिढ्या कोलकात्यात मुरलेली, भवानीपुरातल्या जुन्या घरात राहणारी. सुमनवन्संनी लग्न केलं नव्हतं. त्या शहरातल्याच एका संस्थेत खगोलशास्त्र शिकवायच्या आणि मागच्या खोलीत राहायच्या. हल्ली 'वन्सं' कोण म्हणतं, असं माझ्या बहिणी मला चिडवतात. पण सासूबाईंनी पहिल्या दिवशी जे तोंडात बसवलं ते बसलं. वन्संचा स्वयंपाकघराशी संबंध चहापुरता. मात्र पाहुणे येणार असले आणि मी विचारलं, "वन्सं, वडे किती करू?" की उत्तर ठरलेलं: "दिसतायत तेवढ्यांचे कर, आणि खांबामागच्यांचे वेगळे धर." आणि खरंच, दर वेळी कुणीतरी आगंतुक यायचाच. मी बडबडी, त्या मोजकं बोलणाऱ्या. पण आमचं जमायचं, कारण मी काहीही विचारलं तरी त्यांना ते खुळचट वाटत नसे.

त्यांचं काम म्हणजे दीर्घिका मोजणं. आपली आकाशगंगा ही तशीच एक दीर्घिका, अशा असंख्य आहेत, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण त्या मोजून करायचं काय, हे काही केल्या कळेना. एकदा आम्ही दोघी बराकपूरला त्यांच्या विद्यार्थिनीकडे, शर्मिष्ठाकडे, जेवायला गेलो होतो. संध्याकाळच्या गाडीने सियालदहला परत येत होतो. बाहेर अंधारत होतं. वन्संनी खिडकीकडे बोट केलं.

"काय दिसतंय?"

"दिवे. दुसरं काय दिसणार?"

"रूळ दिसतात?"

"अंधारात कसे दिसतील?"

"पण वरून बघितलंस तर हे दिवे एका ओळीत दिसतील. मग रूळ कुठे आहेत ते न बघताच कळेल. विश्वात जे बहुतेक सगळं वस्तुमान आहे ना, ते असंच अंधारात आहे. दीर्घिका म्हणजे त्याच्या कडेने लागलेले दिवे."

"मग सगळे दिवे मोजायचे?"

"मोठे आधी. भाजीची एखादी टोपली घेऊन बसलेली बाई तुला कुठल्याही गल्लीत दिसेल. घाऊक बाजार मात्र सियालदहलाच भरतो, जिथे सगळ्या गाड्या येऊन मिळतात. जड दीर्घिकांचं तसंच आहे. जिथे धाग्याला धागा येऊन मिळतो तिथे त्या गर्दी करतात. त्यांच्यावरून सगळं जाळं ओळखू येतं. आणि जाळ्याच्या मधे असतात पोकळ्या. तिथे जवळजवळ काहीच नाही."

डब्यातला एक लिंबू-लोझेन्स विकणारा फेरीवाला ऐकत उभा राहिला होता. वन्संनी त्याच्याकडून गोळ्या घेतल्या आणि त्यालाही बंगालीत सगळं पुन्हा समजावून सांगितलं. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला.

ही शर्मिष्ठा म्हणजे वन्संचा जीव की प्राण. बराकपूरहून रोज लटकत यायची आणि 'सुमनदी, सुमनदी' करत मागच्या खोलीत शिरायची. तिला पाया पडायची सवय आणि वन्संना ते आवडत नसे. "अगं, डोकं वर ठेव, आत काही आहे त्यात," असं म्हणायच्या. दोघी मिळून एक शोधनिबंध लिहीत होत्या. आकाशाच्या एका बाजूला, खूप लांब, प्रचंड मोठी पोकळी त्यांना सापडली होती. एवढी मोठी पोकळी असणं म्हणजे विश्वाच्या घडणीबद्दल जे मानतात त्यालाच धक्का. निबंधावर पहिलं नाव शर्मिष्ठाचं होतं. त्यांच्यात पहिल्या नावाला फार मान असतो म्हणे. वन्संनी हौसेने ते तिला दिलं होतं. "माझ्या नावाला आता कुठे जायचंय? तिला नोकरी शोधायचीय," त्या म्हणाल्या.

निबंध छापून आला आणि बंगाली वर्तमानपत्रात दोघींचा फोटो झळकला. मग आम्हा मराठी मंडळींचं काय विचारता! गणेशोत्सवात आमच्या मंडळाने वन्संचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, बँकेत बदलून आलेल्या साहेबांचं लांबलचक भाषण, सगळं रीतसर झालं. मी तर सांगलीपर्यंत फोन केले. वाण्याला सांगितलं, गल्लीत भेटेल त्याला सांगितलं. पोकळी म्हणजे काय ते मलाही धड सांगता येत नव्हतं, पण ती आमची होती.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस वन्सं भरदुपारी घरी आल्या. छत्री मिटलीच नाही. तशीच उघडी दारात ठेवली आणि खुर्चीत बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत.

"नीला, पोकळी नाहीये," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दीर्घिका खरंच गर्दी करतात की आपल्याला नुसतं वाटतं, हे ठरवायला आम्ही कंप्युटरमधे एक खोटं आकाश करतो. ताटात मूठभर तांदूळ उधळावेत तसे ठिपके, कसे का पडेनात. मग खरं आकाश त्याच्याशी ताडून बघायचं. पण खऱ्या आकाशात जिथे आपल्याला कमी दिसतं, तिथे खोट्या आकाशातलेही ठिपके तेवढेच काढून टाकावे लागतात. नाहीतर जिथे कमी दिसतं तिथे कमी आहे असंच वाटणार. त्या बाजूला आपल्याच आकाशगंगेतली धूळ आहे. तिच्यामागच्या लांबच्या दीर्घिका अंधुक होऊन गळून गेल्या. धुळीचा नवा नकाशा आला होता. मी जुनाच लावला. जुन्यात तिथली धूळ नव्हती." मग म्हणाल्या, "आपल्या खिडकीची काच पुसली नाही आणि समोरच्या घरात कुणी राहत नाही म्हणून गावभर सांगितलं."

"कुणाच्या लक्षात आलंय?"

"माझ्या."

जन्मभर जी बाई दुसऱ्यांना खांबामागचे धरा म्हणत आली, तिचेच राहून गेले होते. हे त्यांनाही कळत होतं. त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वडे किती करू विचारलं तर म्हणायच्या, "तुला ठीक वाटेल तेवढे कर." मला रडू यायचं.

त्यांनी निबंध मागे घेतला. स्वतःहून घेतला, कुणी मागितलं नसताना. पण खरी काळजी वेगळीच होती. पहिलं नाव शर्मिष्ठाचं. मानाने दिलेली जागा आता तिच्याच गळ्यात आली होती. जो कोणी वाचणार तो आधी तिचं नाव वाचणार, आणि ती तर नोकरीच्या मुलाखती देत होती. म्हणून वन्संनी सोबतच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं, की चूक सर्वस्वी माझी, शर्मिष्ठाने फक्त मी सांगितलेलं केलं. ते पाठवल्यावर त्या दिवशी प्रथम पोटभर जेवल्या. "निदान पोरीला सोडवली," म्हणाल्या.

गणपती आले तशा त्या मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्या आणि चिटणिसांकडे बोलायला दोन मिनिटं मागितली. मी पहिल्या रांगेत. वन्सं माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुम्ही माझा सत्कार केलात. ज्यासाठी केलात ते चुकीचं निघालं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला त्याची शरम वाटते." एवढंच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लोक आता काय म्हणतील?

लोकांनी टाळ्या वाजवल्या! उभं राहून वाजवल्या. बँकेचे साहेब माईकवर धावले आणि "केवढा हा मनाचा मोठेपणा!" म्हणून पुन्हा भाषण ठोकलं. कुणीतरी आणखी एक शाल आणली. वन्सं ती शाल अंगावर घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी मान खाली घातली. परतताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "नीला, एकाने तरी म्हणायला हवं होतं गं, की बाई, तुम्ही आम्हाला फसवलंत. मला धड शरमिंदंसुद्धा होऊ देत नाहीत ही माणसं."

ते म्हणणारं माणूस पुढच्याच आठवड्यात आलं. शर्मिष्ठा. दार मी उघडलं. ती नेहमीसारखी वाकली नाही. सरळ मागच्या खोलीत गेली. चहा द्यायला मी तिच्यामागोमाग गेले आणि कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती बंगालीत बोलत होती. एव्हाना मला ते मराठीइतकंच कळत होतं.

"सुमनदी, मला मुलाखतीत काय विचारलं सांगू? तुमच्या मार्गदर्शक लिहितात की तुम्ही फक्त सांगितलेलं केलंत. मग तुम्ही स्वतः काय केलंत?"

वन्संनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही.

"पोकळ्या शोधायची ती रीत माझी होती. दोन वर्षं खपून केली मी. नकाशा जुना होता, रीत चुकीची नव्हती. आणि नकाशा तुम्ही दिलात तरी मी तपासायला हवा होता ना? मी काय लहान मूल आहे? तुम्ही चूक एकटीची म्हणालात, म्हणजे कामही एकटीचंच म्हणालात. मला न विचारता."

"मला तुला वाचवायचं होतं," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही मला पुसून टाकलंत."

ती गेली. ती नोकरीही हातची गेलीच होती. वन्सं भिंतीकडे बघत बसल्या. चुकीच्या पोकळीची लाज त्यांनी भर सभेत उभं राहून सोसली होती. ही लाज त्यांना उचलेना. चांगुलपणाच्या भरात आपण एका पोरीचं काम हिरावून घेतलं, आणि वर समाधानाने जेवलो, हे त्यांना राहून राहून आठवायचं. "मी जेवले गं त्या दिवशी," असं एकदा अचानक म्हणाल्या. मी ओळखलं कुठल्या दिवशी ते.

त्यांनी दुसरं निवेदन पाठवलं. काम दोघींचं, रीत शर्मिष्ठाची, चूक दोघींची, असं त्यात होतं. पण पहिलं ज्यांनी वाचलं त्यांतल्या कितींनी दुसरं वाचलं असेल? वन्सं निवृत्त झाल्या. त्यांचे गुडघे गेले, मग छातीचं दुखणं सुरू झालं. शर्मिष्ठाला पुढे दुसरीकडे काम मिळालं हे आम्हाला बाहेरून कळलं. आणि मग तिचे फोन यायला लागले. वन्संचा मोबाइल वाजायचा, त्या नाव बघायच्या आणि तो माझ्याकडे सरकवायच्या. "सांग, झोपलेय."

"अहो वन्सं, घ्या ना. पोर आपणहून करतेय."

"काय तोंडाने घेऊ?"

मी खूप भांडले त्यांच्याशी. एकदा तर म्हणाले, "आकाशातल्या धुळीचा हिशेब लागतो तुम्हाला, आणि एक फोन उचलवत नाही?" त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणून मग मी फोनवर सांगायची, दी झोपल्यात हं, औषधाने गुंगी येते. पलीकडून ती म्हणायची, "बरं काकिमा, उद्या करते."

या हिवाळ्यात वन्सं गेल्या. नकाशा घडी घालून ठेवावा तशा व्यवस्थित, पाय जुळवून. शर्मिष्ठा विमानाने आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मागच्या खोलीत वन्संच्या फोटोसमोर उभी राहिली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मी तिला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं. जरा वेळाने तिने विचारलं, "काकिमा, मी फोन करायचे तेव्हा दी खरंच झोपलेल्या असायच्या?"

गेलेल्या माणसाची झाकली मूठ तशीच ठेवावी असं वाटलं. पण या घरात आता आणखी झाकायचं कशासाठी?

"नाही गं. जाग्या असायच्या. शेजारीच बसलेल्या. तुझ्याशी बोलायची लाज वाटायची त्यांना."

तिने तोंडावर हात ठेवला.

"मला तर वाटायचं, राग गेला नाही त्यांचा," ती म्हणाली. "मी त्या दिवशी त्यांना जे बोलले, त्याची मला इतकी लाज वाटत होती काकिमा. तेवढंच सांगायला मी फोन करत होते."