रिकामा रकाना चालत नाही

आकडे दिल्लीला जायचे आणि किस्से आमच्याकडे राहायचे. आकड्यांना निदान पाठवायला पत्ता होता. किश्श्यांना कुठलंच खातं आपलं म्हणेना, म्हणून ते आमच्याकडे साठत गेले. आता निवृत्त होऊन ठाकूरद्वारच्या घरात बसले आहे, तर भाजी निवडता निवडता एकेक आठवतो. हसू येतं, पण पुरतं येत नाही.

आमची कचेरी परळला, एका जुन्या सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गिरण्यांची धुरांडी दिसायची. आम्ही तिघं: कर्णिकसाहेब, सावंत आणि मी. कर्णिकसाहेब दादरचे, सज्जन, भित्रे. सावंत लालबागच्या चाळीतला, माझ्याहून लहान, मला 'बाई' म्हणायचा. काम काय, तर हवा, पाणी, आवाज, झाडं, आजार यांचे आकडे वेगवेगळ्या खात्यांकडून मागवायचे, त्यांचा मेळ घालायचा आणि एकच तक्ता करून दिल्लीला पाठवायचा. त्याला समन्वय म्हणायचे. खरं तर ते लग्न जुळवण्यासारखं होतं. एक खातं म्हणणार, आमच्यात अशी पद्धत नाही. दुसरं म्हणणार, आधी त्यांना विचारा. तुझं माझं जमेना नि तुझ्यावाचून करमेना.

दोन नियम मात्र कडक होते. एक, आमचा स्वतःचा आकडा नसतो, खात्यांनी दिला तोच. दोन, रकाना रिकामा ठेवायचा नाही. आकडा असेल तर आकडा, काहीच नसेल तर 'निरंक'. तो शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिला आहे की घरी वाणसामानाच्या यादीत एकदा साखरेपुढे 'निरंक' लिहिलं होतं. नवरा बिचारा यादी घेऊन दुकानात गेला आणि साखरेशिवाय परत आला.

*

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. धुरांड्यांतून धूर येईना. आमच्या तक्त्यात परळ-लालबागच्या हवेचा आकडा असा खाली आला की कर्णिकसाहेबांनी तो दोनदा तपासून घेतला. बरोबर होता. आम्ही पाठवला.

दिल्लीहून कौतुकाचं पत्र आलं. हवेत झालेली सुधारणा प्रशंसनीय आहे, आपण कोणत्या उपाययोजना केल्या ते कळवावं, म्हणजे इतरांना अनुकरण करता येईल.

साहेबांनी मसुदा करायला सावंतला दिला. सावंतचे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजतात ते खातं, तिथे दिवसभर कापसाची धूळ उडते. संपामुळे ते घरी होते आणि सावंतच्या एका पगारावर सगळं घर चाललं होतं. सावंतने एकाच ओळीचा मसुदा केला. 'गिरण्या बंद केल्या.'

साहेब म्हणाले, "अहो सावंत, गिरण्या आपण बंद केलेल्या नाहीत."

"मग कोणी केल्या ते लिहू का, साहेब?"

साहेब पाणी प्यायले. शेवटी 'परिस्थितीवर सातत्याने लक्ष ठेवण्यात येत आहे' असं उत्तर गेलं. ते तरी खरं होतं. खिडकीतून आम्ही रोज पाहतच होतो.

*

उन्हाळ्यात एक दिवस प्रदूषणवाल्यांच्या प्रयोगशाळेतला माणूस शिंकत शिंकत आमच्याकडे आला. हवा मोजायचं एक यंत्र लालबागमध्ये एका शाळेच्या गच्चीवर ठेवलेलं असे. ते हवा खेचून घेतं, धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसते आणि मग कागदाचं वजन करतात. या माणसाच्या हातातला कागद लालभडक होता.

चौकशी केली. मिरच्यांचा हंगाम. शेजारपाजारच्या बायकांनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या शाळेच्या गच्चीवर वाळत टाकल्या होत्या, खाली मसाला कुटायचे डंके चालू होते, आणि आमचं यंत्र मधोमध बसून सगळं इमानदारीने खेचत होतं. गिरण्या बंद असूनही लालबागच्या हवेचा आकडा आकाशाला भिडला.

दिल्लीने विचारलं, प्रदूषणाचा औद्योगिक स्रोत कोणता? यादीत स्रोतांना क्रमांक होते. कोळसा होता, रसायनं होती, सिमेंट होतं. मिरची नव्हती. कर्णिकसाहेबांनी 'इतर' लिहिलं.

बायकांना गच्ची सोडा म्हणायची हिंमत कोणाची होईना. नवऱ्यांच्या गिरण्या बंद, त्यातल्या कित्येकींनी मसाले करून विकायला सुरुवात केली होती. तेव्हा यंत्रच हलवायचं ठरलं. सावंत म्हणाला, "आमच्या चाळीच्या गच्चीवर ठेवा. बाबा दिवसभर घरीच असतात, लक्ष ठेवतील."

*

तर सावंतचे बाबा आमच्या यंत्राचे राखणदार झाले. बिनपगारी, पण त्यांनी ते मनावर घेतलं. यंत्र चालू झालं की कानठळ्या बसायच्या. चाळीतले लोक वैतागले, पण म्हातारा खुर्ची टाकून अगदी त्याच्याजवळ बसायचा. मी एकदा गेले होते तेव्हा विचारलं, आवाजाचा त्रास नाही होत?

"नाय गो बाय. खात्यात बसल्यासारखां वाटता."

बोलताना त्यांना धाप लागत होती. मध्येच खोकला यायचा तो थांबायलाच तयार नसायचा. सावंत खाली मान घालून उभा राहायचा. प्रयोगशाळेतला माणूस कागद बदलत होता. बाबांनी त्याला विचारलं, हे नक्की करतं काय? त्याने समजावून सांगितलं, की आजोबा, हे हवा ओढून घेतं आणि तिच्यातली धूळ बाहेर काढून कागदावर ठेवतं.

बाबांनी यंत्राकडे जरा वेळ पाहिलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "मगे माझ्यात जां गेला हा, तां वडून काढीत काय?"

प्रयोगशाळेतला माणूस कागद बदलत राहिला.

*

त्यानंतर सावंतने एक खूळ डोक्यात घेतलं. दिल्लीच्या तक्त्यात एक नवी ओळ घालायची, गिरणीतल्या धुळीने आजारी झालेल्या माणसांची. यामागे साधा हिशेब होता. आरोग्यवाल्यांनी त्याला तोंडी सांगितलं होतं की तक्त्यात आकडा आला तर परळला अशा माणसांच्या छातीच्या तपासणीची आणि औषधांची सोय करता येईल. आकडा नाही तर सोय नाही. बाबांसारखी माणसं तर चाळीत मजल्या-मजल्यावर खोकत होती.

बैठक बोलावली. चहा, ग्लुकोजची बिस्किटं, तीन खात्यांचे अधिकारी.

कामगारवाले म्हणाले, "धूळ म्हणजे पर्यावरण. आमच्याकडे नको."

पर्यावरणवाले म्हणाले, "पर्यावरण गिरणीच्या फाटकाबाहेर सुरू होतं. आतली धूळ ही कामगारांची."

आरोग्यवाले म्हणाले, "खोकला हा आजार नव्हे, लक्षण आहे. लक्षणं आम्ही मोजत नाही."

सावंतने विचारलं, "माणूस कुठल्या खात्याकडे येतो?"

कर्णिकसाहेबांनी बिस्किटांची बशी पुढे केली. इतिवृत्तात 'सखोल चर्चा झाली' असं मीच लिहिलं, दुसरं काय लिहिणार. अशा बैठका पुढे वर्षानुवर्षं झाल्या. बिस्किटं बदलली, अधिकारी बदलले, उत्तरं तीच. मला त्या माणसांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

*

मध्यंतरी आवाजाच्या तक्त्यात एक चमत्कार झाला. गिरण्या बंद, भोंगे बंद, तरी गिरणगावातून आवाजाच्या तक्रारी वाढल्या. दिल्लीने स्पष्टीकरण मागितलं. आम्ही मूळ अर्ज मागवले. पहिलाच अर्ज परळच्या एका चाळीतल्या बाईंचा होता. 'पूर्वी सकाळी भोंगा होत असे. त्यावर आम्ही उठत होतो व डबे भरत होतो. हल्ली होत नाही. फार त्रास होतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली चाळीतल्या सगळ्या बायकांच्या सह्या. बाकीचे अर्जही तसेच.

अर्ज आवाजाबद्दल, तेव्हा तक्रारी नोंदवणाऱ्या कारकुनाने तो आवाजाच्या तक्रारींत धरला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. तक्त्यात तक्रारीचं कारण लिहावं लागे. कर्णिकसाहेबांनी आधी 'शांतता' लिहिलं, मग ते खोडून 'वाहतूक' लिहिलं.

*

पुढे संप न मिटताच विरून गेला. काही गिरण्या थोड्या सुरू झाल्या, पुन्हा बंद पडल्या. मग जमिनीच्या वापराचा तक्ता आला. सावंतच्या बाबांची गिरण उद्योगवाल्यांच्या आकड्यात 'कारखाना' होती. महसूलवाल्यांनी तीच 'पडीक' म्हणून धरली. बागवाल्यांनी 'हरित क्षेत्र' म्हणून, कारण धुरांड्याच्या बुंध्यातून पिंपळ फुटले होते आणि आवारात रान माजलं होतं. सगळ्या गिरण्यांचं तसंच. बेरीज केली तर मुंबई आहे त्यापेक्षा मोठी निघाली.

"समुद्र न बुजवता वाढली की हो," साहेब म्हणाले.

तिन्हींतला एकच शब्द ठेवायचा होता. सावंतने घरी बाबांना सहज विचारलं, काय लिहू?

"गिरण लिव. आनी काय लिवतलंस?"

"बाबा, गिरण असो रकानोच नाय."

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं आणि डबा तसाच बंद केला. संध्याकाळी वरून फोन आला की 'पडीक' घ्या. आम्ही घेतलं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या फाटकावर बाबांच्याच चाळीतली पोरं पहारेकरी म्हणून उभी असतात.

*

आणि एके वर्षी सावंतची ओळ मंजूर झाली.

दिल्लीने नवा नमुना पाठवला, त्यात ती आयतीच छापून आली होती. 'गिरण्यांतील कापसाच्या धुळीने बाधित व्यक्ती.' बैठक बोलावली, तर तिन्ही खाती चहा येण्याआधी तयार. कोणाची हरकत नाही. सावंतने सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ला. आपण किती भोळे असतो.

महिनाभराने उत्तरं आली. कामगारवाले: चालू गिरण्या नाहीत, म्हणून कामगार नाहीत. निरंक. पर्यावरणवाले: गिरण्या नाहीत, म्हणून धूळ नाही. निरंक. आरोग्यवाले: कामगार खात्याने पाठवलेल्या व्यक्तीच आम्ही तपासतो, त्यांनी कोणी पाठवलेलं नाही. निरंक.

सावंत तक्ता पुढ्यात घेऊन बसला होता. म्हणाला, "साहेब, एक लिहू? नुसता एक."

कर्णिकसाहेब निवृत्तीला आले होते. त्यांचे डोळे भरले, हे मी पाहिलं. पण म्हणाले, "कुठल्या खात्याने दिला म्हणून सांगू, सावंत?"

सावंतने ओळ भरली. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात दिल्लीचे मोठे अधिकारी तक्ते पाहायला आले. माणूस मूळचा आपल्याकडचाच, तिकडे राहूनही मराठी न विसरलेला, बोलायला गोड. कर्णिकसाहेब समोर, सावंत एका बाजूला, मी दुसऱ्या. त्या दिवशी सावंतने बाबांना सकाळी परळच्या इस्पितळात दाखवून आणलं होतं. चालत घरी जाण्याइतका दम त्यांच्यात उरला नव्हता, म्हणून आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. काम आटोपलं की टॅक्सीने नेणार होता.

अधिकारी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. हवा, पाणी, आवाज. बोट सावंतच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"वा," ते म्हणाले, "गिरणगाव असूनसुद्धा इथे एकही माणूस नाही. हे छान झालं."

तेवढ्यात बाहेर खोकला सुरू झाला. थांबला असं वाटलं की पुन्हा यायचा, खोल विहिरीतून यावा तसा. अधिकाऱ्यांनी बोट तसंच ठेवून तो संपायची वाट पाहिली. संपेना. शेवटी त्यांनी दाराकडे बघत विचारलं, "बाहेर कोण आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सावंतकडे.

सावंतने पेनाला टोपण लावलं.

"निरंक, साहेब."