न्सिमिरेचं शिलाई मशीन

न्सिमिरे मूळची काँगोतल्या बुकावूची. लढाईत घर गेलं तेव्हा ती झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला आली आणि तिथल्या बाजाररस्त्यावर पत्र्याच्या टपरीत शिवणकाम करू लागली. धाकटी लेक तर तिथेच जन्मली. शाळेचे गणवेश, लग्नातले झगे, काहीही आणा, ती शिवून द्यायची.

एका सकाळी टपरीचा पत्रा उचकटलेला दिसला. आत मशीन नव्हतं. शेजारणींनी बजावलं, पोलिसांत जाऊ नकोस. तरी ती गेली, कारण चोरी झाली तर माणसं चौकीतच जातात, असं तिला वाटत होतं.

सार्जंट सिकाझ्वेने चोरीबद्दल जेमतेम विचारलं. बाकी सगळी चौकशी तिचीच. निर्वासित आहेस तर छावणीत का नाहीस? शहरात राहायचा हा परवाना खरा कशावरून? ती तिथल्या न्यांजा भाषेत उत्तरं देत होती आणि तो तिच्या उच्चारांची नक्कल करून साथीदाराला हसवत होता. शेवटी म्हणाला, "तुमच्यातल्याच कुणीतरी नेलं असेल. तुम्ही लोक एकमेकांना चांगलं ओळखता." दिवसभर बाकावर बसवून संध्याकाळी तिला सोडलं.

मशीन तिने स्वतःच शोधलं. जुन्या सामानाच्या गल्लीत ते विकायला ठेवलेलं होतं. चाकाजवळ पोचा आलेला, तो लेकीने एकदा मशीन पाडल्याचा. ती धावत चौकीत गेली. या वेळी सिकाझ्वे लगेच उठला. दोघं गल्लीत पोचेपर्यंत विकणारा पसार झाला होता. सिकाझ्वेने मशीन उचललं आणि सांगितलं, हा पुरावा आहे, खटला उभा राहीपर्यंत चौकीतच राहणार.

मग खेपा सुरू झाल्या. कधी साहेब नाहीत, कधी कोर्टाची तारीख नाही. न्सिमिरे हाताने टाके घालत राहिली. शाळा उघडायच्या आत गणवेश झाले नाहीत, तशी गिऱ्हाइकं पुढच्या टपरीकडे वळली. राग येई, पण काढायचा कुणावर? सिकाझ्वेसमोर आवाज चढवला तर तो पुन्हा परवाना मागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकदा ती गेली तेव्हा चौकीत कुणीच नव्हतं. मागच्या पोलीसवस्तीतून मशीनचा आवाज आला. चाक फिरताना मध्येच होणारी ती खडखड तिच्या कानांत बसलेली होती. ती आवाजाच्या रोखाने गेली. सिकाझ्वेची बायको दारात बसून पडदे शिवत होती. ती हसून म्हणाली, "ये ना, ताई. यांनी लिलावातून आणलंय. छान चालतं."

न्सिमिरे तशीच घरी आली आणि घरमालकीण बाना चिलेशेपुढे बसून रडली.

बाना चिलेशे मूळची लुसाकाचीच, वयाने मोठी, कुणाला न भिणारी. दुसऱ्या दिवशी ती चितेंगेचं रंगीत कापड कमरेला घट्ट गुंडाळून चौकीत शिरली. मागे न्सिमिरे.

"काय रे पोरा, पुरावा तुझ्या घरी पडदे शिवतो होय?"

"आई, हे सरकारी काम आहे."

"मग सरकारला सांग, बाना चिलेशे मशीन न्यायला आलीय. नाहीतर तुझ्या बायकोला जाऊन सांगते लिलाव कुठे झाला ते."

सिकाझ्वेने न्सिमिरेकडे असं पाहिलं, जणू गुन्हा तिनेच केला होता. मशीन मिळालं, पण 'तात्पुरतं'. कोर्टाने बोलावलं की परत आणायचं.

कोर्टाचं बोलावणं कधी आलंच नाही. सिकाझ्वे मात्र येतो. दर महिन्याला एखादी विजार टाकतो, परवाना सहज मागून बघतो आणि म्हणतो, "मशीन मीच मिळवून दिलं, विसरू नकोस." न्सिमिरे मान वर न करता विजार शिवते. पैसे तो देत नाही, तीही मागत नाही.

मागच्या पावसाळ्यात तिची टपरी पुन्हा फुटली, या वेळी कुलूप तोडून. कापडाचे तीन तागे गेले. लेकीने विचारलं, चौकीत जायचं का? न्सिमिरेने नवीन कुलूप आणलं, आधीच्यापेक्षा मोठं, आणि पुन्हा मशीनवर बसली.