बुर्गीचं बिनभट्टीचं घर

आल्प्सच्या पायथ्याशी आमची सहा घरांची रांग आहे. दक्षिणेला भिंतभर काच, आणि घर तापवायला भट्टी नाही. कडेच्या घरात बुर्गी राहते, जन्मभर बेकरीत पीठ मळलेली बाई. हिवाळ्यात घर उन्हावर तापतं. चार दिवस धुकं हटलं नाही की बुर्गी केक भाजते आणि आम्हाला पत्ते खेळायला बोलावते. आमच्या अंगाची ऊब तिला हवी असते, हे आम्हाला ठाऊक आहे. केक चांगला असतो, म्हणून जातो.

गेल्या हिवाळ्यात तिचा थोरला भाऊ कोर्बिनियन राहायला आला. बायको आगाथे वारल्यावर डोंगरावरचं घर त्याला एकट्याला झेपेना, आणि लेकीनं, आफ्रानं, वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलेली. बुर्गी म्हणाली, "माझ्याकडे राहील तो." कोर्बिनियननं अट घातली: नाताळपर्यंत बघीन, थंडी वाजली तर आश्रम.

आठवडाभरात वाजलीच.

"बुर्गे, हे काचेचं कपाट आहे, घर नाही," स्वेटरवर स्वेटर चढवून तो म्हणाला. आश्रम त्याला नको होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण हट्टापुढे शहाणपण चालत नाही.

बुर्गीनं बघितलं तर काय, पठ्ठ्या रात्रभर खिडकी उघडी टाकून झोपायचा. आमच्याकडची जुनी माणसं तशीच झोपतात, बाहेर बर्फ पडो नाहीतर आभाळ. दिवसभर कमावलेलं ऊन रात्रीत डोंगराला दान.

"दादा, भिंतीतल्या झडपेतून ताजी हवा येते की. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब घेऊन येते."

"झडपेवर माझा भरवसा नाही. आगाथे बंद खोलीतच गेली."

मला वाटलं, बुर्गी हरली. चुकले मी. तिनं त्याच्या दाराच्या फटीला जाड पट्टी लावून घेतली, पांघरायला पिसांची दुसरी दुलई दिली आणि बजावलं, "खिडकी खुशाल उघडी ठेव. दार मात्र लावून घ्यायचं. गारठा तुझा, बाकीचं घर माझं."

रोज सकाळी तो कुडकुडत बाहेर यायचा आणि स्वयंपाकघरात काचेजवळ बसायचा. एक स्वेटर उतरला. मग दुसरा. राहणार की जाणार, हे मात्र बुर्गीला ठाऊक नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी आफ्रा गाडी घेऊन आली.

"बाबा, सामान बांधलंत का?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

ओट्याशी बुर्गीचे हात पिठात थांबले. कोर्बिनियन नुसत्या सदऱ्यावर पत्ते पिसत बसला होता. वर न बघताच तो म्हणाला,

"आधी दार लाव. आमची ऊब चाललीय बाहेर."