पुढच्या चाकाची सळई

सन २००७. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि डोकं ठिकाणावर होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हातारा चळला. चळलो नव्हतो. जे केलं ते समजून केलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. नोकरी रेल्वेत, कीमॅनची. रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर असते, तिला आम्ही चावी म्हणतो. गाडीच्या हादऱ्यानं ती सरकते, कधी निखळून पडते. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हद्दीत चालायचं, जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा, आणि सुटलेली चावी ठोकून बसवायची. चौतीस वर्षं हेच केलं. माझ्या हद्दीत सुटलेली चावी साहेबाला कधी सापडली नाही. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की मुलगी लहानपणी कमरेवर हात ठेवून माझी नक्कल करायची.

ती मुलगी आता मद्रासला, पेरुंगुडी भागात, कॉम्प्युटरच्या ऑफिसात. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच, ऑफिसपासून जवळ, तिसऱ्या मजल्यावर. लग्नाचा विषय आम्ही भांडून भांडून संपवला होता. तिला नाद सायकलचा. आदल्या वर्षी पाण्याच्या लॉरीचा आरसा लागून रस्त्यावर पडली, कोपराला टाके पडले. तरी सायकल सुटली नाही. एका रविवारी मला कॉम्प्युटरपुढे बसवून म्हणाली, "अप्पा, मी स्पेनला जाणार. आठ दिवस, सायकलनं."

"कोणाबरोबर?"

"एकटी. डोंगरातली वाट आहे. मोटार नाही, लॉरी नाही. सायकलवाले आणि चालणारे, बस्स."

फोटो दाखवत गेली. तांबूस माती, डोंगरउतारावर ओळीनं लावलेली बुटकी झाडं, ज्यांच्या फळाचं ते तेल काढतात. मी झाडांकडे बघत नव्हतो, त्या वाटेकडे बघत होतो.

"हा रस्ता नव्हे," मी म्हणालो. "ही रेल्वेची वाट आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? वळण बघ किती लांबून घेतलंय. कडेला पाणी जायला दगडी गटार. सायकलसाठी कोण एवढा डोंगर कापतो?"

मग तिनं चढउताराची रेघ दाखवली. खालची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण रेघ वाचता आली. शंभर पावलांत दोन पावलं चढ, त्याच्या वर नाही. आगगाडीला त्याच्यापेक्षा जास्त झेपत नाही. मी बोटानं दाखवलं, इथं दम लागेल, इथं पाय सोडून बस. ती लिहून घेत होती. माझ्या मुलीनं माझ्याकडून काही लिहून घ्यावं, असं पहिल्यांदा घडत होतं. ताठ बसलो.

"मग रूळ कुठं गेले?" मी विचारलं.

"टाकलेच नाहीत. बोगदे खणले, पूल बांधले, स्टेशनंसुद्धा बांधली. मग तिकडे लढाई लागली आणि काम थांबलं ते थांबलंच. एक गाडी धावली नाही. आता स्टेशनात मुक्कामाची सोय आहे."

"म्हणजे कीमॅन लागलाच नाही."

"तुम्ही तिथं असतात तर उपाशी मेला असतात, अप्पा."

मी हसलो. तेवढ्यात पुढचा फोटो आला. डोंगराच्या पोटात काळं तोंड.

"असे किती?"

"तीस. काहींत दिवे आहेत म्हणतात. आणि मी बॅटरी नेणारच की."

मी चहा टाकायला उठलो. चहा नुकताच झाला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती. मद्रासला यायच्या आधी मी आपल्याकडे घाटात होतो. एकदा बोगद्यात मधोमध असताना हातातला कंदील विझला आणि मागून गाडी आली. भिंतीतल्या कोनाड्यात शिरलो. गाडी गेली, पण धूर राहिला. कोनाड्यातून बाहेर आलो तर कुठल्या बाजूनं आलो ते कळेना. दोन्हीकडे सारखाच काळोख. रुळाला धरून खाली बसलो आणि लहान पोरासारखा ओरडत राहिलो. गँगच्या माणसांनी उचलून बाहेर आणलं तेव्हा पँट ओली होती. त्यानंतर साहेबाच्या मागे लागून लागून बदली घेतली. लोकांना सांगितलं, तिकडे बढती लवकर मिळते. बढती कधी मिळाली नाही. पण मद्रासच्या एग्मोर स्टेशनातून निघून रुळाच्या कडेनं दिवसभर चाला, बोगदा लागत नाही.

तिला नको जाऊ म्हणालो. कारण विचारलं तर म्हणालो, बाईमाणूस, परमुलूख. ती म्हणाली, "अप्पा, हे तुमचं कारण नाही. हे शेजाऱ्यांचं आहे." आठवडाभर आम्ही जेवणापुरतं बोललो.

जायच्या दिवशी मी नरमल्यासारखं केलं. म्हणालो, "तू तुझे कपडे बघ. सायकलचं खोकं मी बांधतो." तिला केवढं बरं वाटलं. चाकं काढून तिनं माझ्यापुढे ठेवली. पुढच्या चाकाच्या आरपार एक वीतभर सळई असते, एका टोकाला खटका. ती नसेल तर चाक सायकलला बसत नाही. सगळं कागदात गुंडाळून खोक्यात भरलं, सुतळीनं बांधलं आणि सळई माझ्या पेटीत, जुन्या शर्टाच्या घडीत ठेवली.

मनाशी हिशेब केला होता. सैल करून ठेवली असती तर ती पडली असती, ते पाप. पण चाक बसणारच नाही, तर बोगद्यात शिरणार कशी? चार दिवस गाव बघेल, परत येईल. असा हा माझा शहाणपणा.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "पुढच्या चाकाची सळई नाही हो. खोकं तीनदा उलटं केलं. माझ्याच हातून राहिली बहुतेक. जरा खोलीत बघता का?"

मी म्हणालो, "बघतो."

"इथलं दुकान बंद झालं. आता सोमवारी उघडेल."

सोमवारपर्यंत मी पेटी उघडली नाही. चौतीस वर्षं गाडीच्या हादऱ्यानं सुटलेल्या चाव्या बसवल्या, आणि एक मी स्वतः काढली.

सोमवारी दुपारी पुन्हा फोन. आवाज खुशीत. "मिळाली, अप्पा. दुकानवाला म्हातारा तुमच्यासारखाच, खडूस. मला म्हणाला, एवढी वस्तू विसरतात का? मी म्हटलं, आमच्या घरात विसरायची पद्धत नाही, वडिलांची एक चावी कधी राहिली नाही. उद्या सकाळी पहिला बोगदा."

"विसरली नाहीस तू," मी म्हणालो. "मी काढून ठेवली."

फोनमध्ये कुठलंतरी भांडं वाजलं.

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

मग मी सांगितलं. कंदील, धूर, ओरडणं. पँटचं सांगताना थांबलो, तेही सांगितलं. बदलीचं खरं कारण सांगितलं. सांगून झालं. मला वाटलं, लाईन गेली.

"आहेस का गं?"

"आहे." मग म्हणाली, "दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते, अप्पा. तुम्ही हे तिथं बसून मला सांगू शकला असतात. मी घाबरले असते, किंवा दोन बॅटऱ्या नेल्या असत्या. पण तुम्ही मला विचारलं असतंत."



"उद्या फोन करणार नाही," ती म्हणाली. "परवाचंही सांगत नाही." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सळई पाकिटात घालून पोस्टात गेलो, दार उघडायच्या आधी. तिच्या शेवटच्या मुक्कामाचा पत्ता ती फ्रीजवर चिकटवून गेली होती, तो कागद खिशात होता. खिडकीतला कारकून तमिळमध्ये म्हणाला, "काय आहे यात, तात्ता?" तात्ता म्हणजे आजोबा.

"सायकलची सळई."

"तिकडे मिळत नाही?"

"मिळते. तिनं घेतलीसुद्धा."

"मग कशाला पाठवता?"

"ही तिची आहे."

त्यानं पत्त्याचा कागद मागितला, म्हणाला, द्या, मी लिहितो. मी दिला नाही. बाकावर बसलो आणि इंग्रजी अक्षरं एकेक बघून काढली, चित्र काढतात तशी. मागे रांग लागली, कोणीतरी कुरकुरलं. पत्ता झाल्यावर एकदा डावीकडून तपासला, मग उजवीकडून, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.